कोणते ठेवायचे, कोणते थांबवायचे?

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात दोन-चार मासिके येत असतील. वर्गणी संपत आली की कार्यालयातून विचारणा होते, "यंदा काय काय चालू ठेवायचं?" मग मुख्याध्यापक आणि ग्रंथालय सांभाळणारे शिक्षक यादी घेऊन बसतात. एक मासिक मुले वाचून वाचून फाडतात, ते राहणारच. एकाला वर्षभर कोणी हात लावलेला नसतो, पण ते बंद करायला मन होत नाही. एकाची वर्गणी दीडपट झालेली असते. पैसे मात्र ठरलेले असतात. शेवटी कशावर तरी काट मारावी लागते.

विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या ग्रंथालयांतही नेमके हेच घडते. फरक इतकाच, की तिथली यादी शेकडो नावांची असते आणि रक्कम लाखांत किंवा कोटींत मोजावी लागते. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या ग्रंथालय समितीवर होते. विषय होता शोधपत्रिकांचा. शोधपत्रिका म्हणजे वैज्ञानिक आपले शोधनिबंध ज्यात छापतात ती नियतकालिके. बोलताना आपण त्यांना जर्नल म्हणतो. त्या वर्षी अनुदान वाढले नव्हते, पण वर्गण्या वाढल्या होत्या. ग्रंथपालांनी आमच्यासमोर एक तक्ता ठेवला. पहिल्या रकान्यात शोधपत्रिकेचे नाव, दुसऱ्यात वर्गणी, तिसऱ्यात तिच्यातले लेख गेल्या वर्षी किती वेळा उघडले गेले तो आकडा, आणि चौथ्यात दुसऱ्याला तिसऱ्याने भागून आलेली रक्कम, म्हणजे प्रत्येक वापरामागचा खर्च. यादी या चौथ्या रकान्याप्रमाणे लावली होती. जिथे पैसे संपत होते तिथे एक लाल रेघ होती.

रेघेच्या खाली कीटकांच्या वर्गीकरणाला वाहिलेली एक शोधपत्रिका होती. वर्षभरातला वापर : सहा. निवृत्तीला आलेले एक ज्येष्ठ सहकारी समितीत होते. ते शांतपणे म्हणाले, "ते सहाही वेळा मीच असणार. पुढच्या वर्षीही सहाच होतील. पण त्या सहा वेळा मी दुसरीकडे कुठे पाहू?" कोणाकडेच उत्तर नव्हते. मतदान झाले आणि ती शोधपत्रिका बंद झाली. बंद करण्याच्या बाजूने मीही हात वर केला होता, कारण तक्ता बरोबर होता. भागाकारात कुठेही चूक नव्हती.

मग चूक कुठे होती? की नव्हतीच? हे समजून घ्यायचे तर अशा तक्त्यांचा इतिहास पाहायला हवा. तो सुमारे शंभर वर्षांचा आहे, आणि त्यात ग्रंथपालांइतकेच रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञही भेटतात.

कॅलिफोर्नियातले एक लहान कॉलेज

पहिल्या वैज्ञानिक शोधपत्रिका १६६५ साली निघाल्या. जानेवारीत पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे सावाँ' आणि मार्चमध्ये लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स'. त्यानंतर बराच काळ निवडीचा प्रश्न अवघड नव्हता. शोधपत्रिका मोजक्या होत्या. प्राध्यापकांनी सांगावे आणि ग्रंथपालांनी मागवावे, असा रिवाज होता. एकोणिसाव्या शतकात विज्ञानाच्या शाखा फुटत गेल्या, प्रत्येक शाखेच्या शोधपत्रिका निघाल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणत्याही एका ग्रंथालयाला सगळे घेणे अशक्य झाले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमध्ये पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस यांच्यापुढे हाच प्रश्न होता. कॉलेज लहान, पैसे थोडे. इथून पदवी घेऊन पुढे संशोधनाकडे वळणाऱ्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कोणत्या शोधपत्रिका हव्यात? प्राध्यापकांना विचारले तर प्रत्येक जण आपल्या विषयाची नावे सांगणार. म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या शोधपत्रिकेचा १९२६ चा संपूर्ण खंड घेतला आणि त्यातल्या निबंधांच्या तळटीपा वाचायला सुरुवात केली. कोणत्या निबंधाने कोणत्या शोधपत्रिकेचा संदर्भ दिला आहे, तो कोणत्या काळातला आहे, हे एकेक करून मांडले. ३,६३३ संदर्भ भरले, २४७ वेगवेगळ्या नियतकालिकांचे. हा हिशेब १९२७ साली 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

कल्पना साधी आहे. संशोधक तोंडाने काय सांगतात यापेक्षा लिहिताना ते खरोखर कशाचा आधार घेतात, ते पाहायचे. संदर्भांची ही गणती म्हणजे मतदानच, पण मत देणाऱ्याला आपण मत देत आहोत हे ठाऊक नसलेले. यादीत जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या संघटनेची शोधपत्रिका फार वर होती. म्हणून ग्रॉस यांच्या निबंधातून एक निष्कर्ष असाही निघाला, की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जर्मन वाचता आलेच पाहिजे. ग्रंथालयाच्या हिशेबातून अभ्यासक्रमासाठी सूचना मिळाली ती अशी. संदर्भांच्या सालांवरून जुने खंड किती मागचे विकत घ्यावेत, याचाही अंदाज बांधता आला.

या पद्धतीत दोन कच्चे दुवे होते. गणती एकाच शोधपत्रिकेवर आधारलेली होती. तिच्याऐवजी एखादी इंग्लंडमधली किंवा फ्रान्समधली शोधपत्रिका घेतली असती तर यादी बदलली असती. आणि जी शोधपत्रिका वर्षाला हजार निबंध छापते तिला संदर्भ जास्त मिळणार, हे उघडच आहे. थोडे पण उत्तम छापणारी मागे पडणार. हा दुसरा दुवा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

वंगणाचे निबंध कुठे सापडतात?

आता लंडनला जाऊ. तिथल्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते सॅम्युएल ब्रॅडफर्ड. मूळचे रसायनशास्त्राचे अभ्यासक. त्यांना एक गोष्ट खटकत होती. त्या काळी निबंधांचे सारांश छापणारी सुमारे तीनशे नियतकालिके होती. जगभरात वर्षाला साधारण साडेसात लाख वैज्ञानिक व तांत्रिक लेख निघत, असा त्यांचा अंदाज होता. इतके सारांशक असूनही त्यांपैकी जेमतेम अडीच लाख लेखांची नोंद होत होती. एकाच लेखाचा सारांश दोन-तीन ठिकाणी यायचा आणि दोन-तृतीयांश लेख कोणाच्याच नजरेस पडायचे नाहीत. असे का व्हावे?

ब्रॅडफर्ड यांनी दोन विषय निवडले : उपयोजित भूभौतिकी, म्हणजे जमिनीखालच्या खनिजांचा आणि तेलाचा शोध घेण्याचे शास्त्र, आणि वंगण. या विषयांवरचे लेख कोणकोणत्या नियतकालिकांत आले, त्याची मोजदाद केली. भूभौतिकीचे १,३३२ लेख ३२६ नियतकालिकांत विखुरलेले होते. ते असे :

पहिल्या ९ नियतकालिकांत ४२९ लेख,
पुढच्या ५९ नियतकालिकांत ४९९ लेख,
आणि उरलेल्या २५८ नियतकालिकांत ४०४ लेख.

म्हणजे विषयाचा साधारण तिसरा हिस्सा नऊ ठिकाणी मिळतो. दुसरा तेवढाच हिस्सा हवा तर आणखी ५९ ठिकाणी शोधावे लागते, आणि तिसऱ्यासाठी आणखी २५८ ठिकाणी. प्रत्येक टप्प्याला नियतकालिकांची संख्या ढोबळमानाने पाचपट होते. वंगणाच्या बाबतीतही हीच तऱ्हा होती : ८, मग २९, मग १२७. हा हिशेब १९३४ साली 'एंजिनिअरिंग' या साप्ताहिकात आला आणि पुढे तो ब्रॅडफर्डचा नियम म्हणून ओळखला जाऊ लागला.

नंतरच्या काळात या नियमाचा पहिलाच भाग बहुतेकांच्या लक्षात राहिला. गाभ्यातल्या नऊ शोधपत्रिका घ्या, तुमचे काम भागेल! पण ब्रॅडफर्ड यांचा प्रश्न तो नव्हता. त्यांना शेवटच्या २५८ ची काळजी होती. विषयाचा तिसरा हिस्सा जिथे कोणी शोधायला जात नाही तिथे पडून आहे, म्हणून सगळ्या विज्ञानाचे वाङ्मय एका छपराखाली जमवणारे एक तरी ग्रंथालय देशात हवे, असा त्यांचा आग्रह होता. तेच आकडे. एकाने ते पाहून काय सोडावे ते ठरवले, दुसऱ्याने काय सांभाळावे ते.

याच सुमाराला आपल्याकडे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाली रामामृत रंगनाथन ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडत होते. त्यांचा ग्रंथ १९३१ चा. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांच्या नियमांपैकी दोन जोडीने येतात : एक वाचकाच्या बाजूने बोलतो, की प्रत्येकाला त्याचे पुस्तक मिळावे, दुसरा पुस्तकाच्या बाजूने, की त्यालाही त्याचा वाचक मिळावा. काट मारताना पहिला नियम सगळ्यांना आठवतो. दुसरा सहसा विसरला जातो.

देवघेवीच्या नोंदी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विज्ञान-तंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय देवघेव ग्रंथालय काढायचे ठरले. ते काम डोनाल्ड अर्कहार्ट यांच्याकडे आले. संदर्भ मोजण्याऐवजी त्यांनी प्रत्यक्ष मागणी मोजली. सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयातून १९५६ साली बाहेर गेलेल्या नियतकालिकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्या पन्नास हजारांहून अधिक होत्या. ग्रंथालयात चालू नियतकालिके नऊ हजारांच्या वर. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास वर्षभरात एकदाही मागितली गेली नव्हती. उलट दहा टक्क्यांपेक्षाही कमी नियतकालिकांनी सुमारे ऐंशी टक्के मागणी भागत होती.

एखाद्या काटकसरी अधिकाऱ्याने यावरून काय केले असते? न मागितलेली साडेचार हजार बंद केली असती. अर्कहार्ट यांनी उलटा विचार केला. जी थोडी नियतकालिके सतत लागतात ती प्रत्येक ग्रंथालयाने आपल्याजवळ ठेवावीत. जी क्वचित लागतात ती प्रत्येकाने ठेवणे परवडणार नाही, पण देशात एका ठिकाणी ती सगळी असावीत आणि टपालाने झटपट मिळावीत. यॉर्कशायरमध्ये बॉस्टन स्पा या गावाजवळ, एका जुन्या दारूगोळा कारखान्याच्या आवारात, १९६२ साली हे ग्रंथालय सुरू झाले. पुढे ते ब्रिटिश लायब्ररीचा भाग झाले. आपल्याकडेही याच विचाराने दिल्लीला १९५२ साली 'इन्सडॉक' ही संस्था निघाली होती. हवा असलेला निबंध कळवावा, त्याची प्रत पोस्टाने घरपोच यावी.

थोडक्यात, मोजणीमुळे जवळ काय ठेवायचे ते कळले, आणि जे जवळ ठेवता येत नाही त्याची सोयही त्याबरोबरच केली गेली. या इतिहासातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा टप्पा हाच.

एका भागाकाराचा प्रवास

अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली एक कल्पना मांडली. रसायनशास्त्र शिकून माहितीशास्त्राकडे वळलेले हे गृहस्थ. कोणत्या निबंधाचा संदर्भ पुढे कोणी कोणी दिला, याची एक मोठी सूचीच का करू नये? ग्रॉस यांनी एका खंडाचे हाताने जे केले ते गारफिल्ड यांना संगणकाच्या मदतीने शेकडो शोधपत्रिकांसाठी करायचे होते. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियाहून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघू लागला.

पण सूचीत कोणत्या शोधपत्रिका घ्यायच्या? निव्वळ संदर्भसंख्या पाहिली तर मोठ्या शोधपत्रिकाच येणार. ग्रॉस यांच्या पद्धतीतला तो कच्चा दुवा इथे आडवा आला. गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी आयर्विंग शेर यांनी मार्ग काढला : संदर्भसंख्येला निबंधसंख्येने भागा. याला प्रभावांक म्हणतात. समजा, एका शोधपत्रिकेने २०२२ मध्ये ४० आणि २०२३ मध्ये ६० निबंध छापले. या शंभर निबंधांना २०२४ मध्ये एकूण २५० संदर्भ मिळाले. तर तिचा २०२४ चा प्रभावांक झाला २५० भागिले १००, म्हणजे २.५.

गारफिल्ड यांनी १९७२ साली 'सायन्स'मध्ये आपली आकडेवारी मांडली. सुमारे २,२०० शोधपत्रिकांमधले १९६९ च्या अखेरच्या तिमाहीतले संदर्भ त्यांनी तपासले होते. केवळ २५ शोधपत्रिकांच्या वाट्याला २४ टक्के संदर्भ आले होते, १५२ शोधपत्रिकांच्या वाट्याला निम्मे, आणि ७६७ शोधपत्रिकांच्या वाट्याला तीन-चतुर्थांश. ब्रॅडफर्ड यांनी एका विषयात जे पाहिले ते सगळ्या विज्ञानात दिसत होते. ग्रंथपालांच्या हाती एक उपयोगी साधन आले, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून प्रभावांकांची यादी दरवर्षी छापून येऊ लागली.

इथून गोष्टीला वळण लागले. शोधपत्रिका निवडण्यासाठी तयार झालेला हा आकडा माणसे निवडण्यासाठी वापरला जाऊ लागला. नेमणूक, बढती, अनुदान, पारितोषिक, सगळीकडे विचारणा सुरू झाली, "कितीच्या प्रभावांकात छापलंय?" आता, कोणत्याही शोधपत्रिकेत थोड्या निबंधांना पुष्कळ संदर्भ मिळतात आणि बाकीच्यांना थोडेच. वर्गाची सरासरी ६५ आहे म्हणून एखाद्या मुलाला ६५ गुण देऊन टाकावेत, तसा हा प्रकार. शिवाय गणितात निबंधाची दखल घेतली जायला दहा वर्षे लागू शकतात, रेण्वीय जीवशास्त्रात वर्षभरातही ती घेतली जाते. त्यामुळे दोन वर्षांची खिडकी सगळ्यांना सारखा न्याय देत नाही. कोकणातल्या एखाद्या वनस्पतीवरचा निबंध जगात पन्नास जणच वाचणार. तो छापणाऱ्या शोधपत्रिकेचा आकडा कमीच राहणार.

सॅन फ्रान्सिस्कोला २०१२ साली भरलेल्या एका बैठकीतून एक जाहीरनामा तयार झाला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ग्रंथपालांना खरेदीला मदत व्हावी म्हणून जन्मलेल्या या आकड्याने व्यक्तीच्या संशोधनाची किंमत ठरवू नका, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. शिक्षकांना यातले दुखणे चटकन कळेल. मुलाला काय समजले नाही ते कळावे म्हणून आपण चाचणी घेतो, आणि घरी तो आकडा मूल हुशार की ढ हे ठरवायला वापरला जातो.

अक्षरे मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ

आतापर्यंत किमतीचा उल्लेख फारसा आला नाही. युद्धानंतर सरकारांनी संशोधनावर भरपूर खर्च केला, निबंध वाढले, आणि शोधपत्रिका हा किफायतशीर धंदा आहे हे रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या 'पर्गॅमॉन'सारख्या प्रकाशकांनी ओळखले. कारण सोपे आहे. एक साबण महागला तर आपण दुसरा घेतो. पण एका शोधपत्रिकेतला निबंध दुसरीत मिळत नाही. संशोधक तिची मागणी करतो, पण पैसे ग्रंथालय देते. मागणाऱ्याला किंमत ठाऊक नसते आणि देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

भारतात यावर आणखी एक ओझे होते : रुपया. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. पाचशे डॉलरची शोधपत्रिका डॉलर २१ रुपयांना होता तेव्हा साडेदहा हजारांना पडे. तो २६ झाला तेव्हा ती तेरा हजारांना पडली आणि १९९३ मध्ये तो ३१ वर गेला तेव्हा साडेपंधरा हजारांना. प्रकाशकाने एक सेंटही न वाढवता! त्या काळी अनेक ग्रंथालयांनी शोधपत्रिकांवर काट मारली. माझ्या गुरूंच्या टेबलात छापील पोस्टकार्डांचा गठ्ठा असे. निबंधाचे नाव लिहायचे, परदेशातल्या लेखकाला पाठवायचे आणि छापील प्रत येण्याची वाट पाहायची. कधी महिन्याने येई, कधी येतच नसे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हेन्री बार्शल नावाचे अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रज्ञ होते. शोधपत्रिकांच्या किमती वाढत चाललेल्या पाहून त्यांनी प्रयोगशाळेतली सवय ग्रंथालयात आणली. दोन शोधपत्रिकांच्या वर्गण्यांची तुलना करून उपयोग नाही, कारण एक जाडजूड असते आणि दुसरी बारीक. पानांची तुलनाही चालणार नाही, कारण पानाचा आकार आणि टाईप वेगळा. म्हणून बार्शल यांनी पानावर किती अक्षरे मावतात ते काढले आणि दर हजार अक्षरांना किती सेंट पडतात याचा हिशेब केला. दुसऱ्या वेळी त्यांनी शोधपत्रिकेचा प्रभावही त्यात धरला. हे हिशेब १९८६ आणि १९८८ साली प्रसिद्ध झाले. वैज्ञानिकांच्या संस्थांनी चालवलेल्या शोधपत्रिका स्वस्त होत्या, आणि काही व्यापारी प्रकाशकांच्या कितीतरी पटींनी महाग. सर्वांत महाग ठरलेल्यांत 'गॉर्डन अँड ब्रीच' या प्रकाशकाच्या शोधपत्रिका होत्या.

हा प्रकाशक कोर्टात गेला. बार्शल यांचे हिशेब अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थांनी छापले होते आणि त्यांच्या स्वतःच्या शोधपत्रिका स्वस्त ठरत होत्या. तेव्हा ही खोटी जाहिरात आहे, असा दावा होता. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत खटले चालले. अमेरिकेतल्या न्यायालयाने १९९७ साली संस्थांच्या बाजूने निकाल दिला. बार्शल त्याच वर्षी, निकालाच्या काही महिने आधी वारले होते. भागाकार करून तो छापणे हासुद्धा कधी कधी धाडसाचा विषय असतो, हे या प्रकरणातून दिसले.

गठ्ठा आणि क्लिक

शोधपत्रिका संगणकाच्या पडद्यावर आल्या तेव्हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. त्याऐवजी तो बदलला. १९९६ च्या सुमारास मोठे प्रकाशक आपल्या सगळ्या शोधपत्रिकांचा एकत्र गठ्ठा विकू लागले. ग्रंथालय आधी जेवढे देत होते त्याहून थोडे जास्त द्यायचे आणि शेकडो नव्या शोधपत्रिका मिळवायच्या. सौदा आकर्षक होता. पण गठ्ठ्यातली नको असलेली काढून पैसे वाचवता येत नव्हते. पुढे पैसे कमी पडले की काट बसायची ती गठ्ठ्याबाहेरच्या लहान संस्थांच्या शोधपत्रिकांवर. बार्शल यांच्याच विद्यापीठाचे ग्रंथालयप्रमुख केनेथ फ्रेझियर यांनी २००१ साली हा इशारा दिला होता. आणखी एक अडचण अशी, की छापील वर्गणी थांबवली तरी जुने अंक कपाटात राहत. पडद्यावरची वर्गणी थांबली, आणि करारात तशी तरतूद नसेल, तर जुनेही दिसेनासे होते.

मोजणे मात्र सोपे झाले. लेख किती वेळा उघडला याची नोंद आपोआप होऊ लागली. सगळ्या प्रकाशकांनी ती एकाच पद्धतीने द्यावी म्हणून 'काउंटर' नावाची संहिता २००३ पासून आली. माझ्यासमोरच्या तक्त्यातला तिसरा रकाना तिथून आलेला होता.

या आकड्यांच्या बळावर काही विद्यापीठांनी गठ्ठे नाकारले. कॉर्नेल विद्यापीठाने २००३ च्या अखेरीस 'एल्सव्हिअर'चा गठ्ठा सोडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये त्याच प्रकाशकाशी बोलणी थांबवली. नवा करार २०२१ मध्ये झाला. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २०२० मध्ये सुमारे २,२०० शोधपत्रिकांच्या गठ्ठ्याऐवजी निवडक २४८ घेतल्या. कोणते निबंध इंटरनेटवर विनामूल्य मिळतात, हे वजा करून त्यांनी गरज मोजली होती. हा हिशेबातला नवा आणि योग्य रकाना आहे.

भारताने वेगळा मार्ग घेतला. २००३-०४ पासून तंत्रशिक्षण संस्था आणि विद्यापीठे गट करून खरेदी करू लागली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० शोधपत्रिका, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. ज्या जिल्ह्यातल्या सरकारी महाविद्यालयात एकही शोधपत्रिका येत नव्हती, तिथल्या विद्यार्थ्यालाही आता त्या उघडता येतील. ही मोठीच गोष्ट आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की काय ठेवायचे आणि काय थांबवायचे हा प्रश्न हजारो टेबलांवरून उठून एका टेबलावर गेला. तिथेही तक्ता असणार, आणि रेघही असणार.

त्या सहा वेळा

आता पुन्हा आमच्या समितीकडे. ती शोधपत्रिका बंद झाल्यानंतर दोनेक वर्षांनी कोकणातल्या एका महाविद्यालयातून आमच्याकडे एक बाटली आली. तिथल्या बागांमध्ये नव्याने दिसू लागलेली माशी तिच्यात होती आणि ती कोणती हे सांगायचे होते. ओळख पटवायला लागणारा निबंध नेमका त्याच शोधपत्रिकेत होता. सरांनी बंगळूरच्या एका मित्राला फोन करून तो मिळवला. तीन आठवडे गेले. आभाळ कोसळले नाही. पण एक साधे उत्तर द्यायला आमच्या संस्थेला ओळखीपाळखीवर अवलंबून राहावे लागले, याची मला लाज वाटली.

तक्ता चुकला नव्हता, हे मी आजही म्हणेन. किती वेळा वापर झाला, या प्रश्नाचे उत्तर 'सहा' हेच होते. आमचा प्रश्न मात्र वेगळा होता : हे गेले तर कोणाचे काम अडेल, आणि ते दुसरीकडून कसे भागवायचे? तो आम्ही विचारलाच नाही. अर्कहार्ट यांनी विचारला होता. पैसे नसतील तर काट मारावीच लागते. पण रेघेखालच्या प्रत्येक नावापुढे एक रिकामा रकाना ठेवावा आणि तिथे लिहावे : 'हे आता कुठून मिळेल?' तो भरल्याशिवाय बैठक संपवू नये.

वर्गात करून पाहा

ब्रॅडफर्ड आणि अर्कहार्ट यांचा प्रयोग आपल्या शाळेतही करता येतो. ग्रंथालयाची गेल्या वर्षीची देवघेव नोंदवही घ्या. आठवी-नववीच्या मुलांचे गट पाडून प्रत्येक पुस्तक किती वेळा बाहेर गेले ते मोजायला सांगा. सर्वांत जास्त नेलेल्या पुस्तकापासून उतरती यादी लावा आणि पहिली किती पुस्तके मिळून निम्मी देवघेव होते ते काढा. एकूण पुस्तकांच्या मानाने ती फारच थोडी निघतील. आलेख काढला तर आकार लगेच लक्षात येईल.

मग यादीच्या तळाशी या. वर्षात एकदाच गेलेली पुस्तके काढा आणि ती कोणी नेली होती ते पाहा. शक्य असेल तर त्या मुलाला किंवा मुलीला बोलावून विचारा, की ते का नेले होते. हा शेवटचा भाग गाळू नका. आमच्या समितीने तो गाळला होता.